भूत असू द्या, उतारा नको

कोल्हापुरातल्या एका शाळेनं ग्रंथालयासाठी घेतलेला कथासंग्रह सध्या मुख्याध्यापकांच्या टेबलाच्या खणात कुलूपबंद आहे. लेखक तरुण, संग्रह पहिलाच, कथा गूढ आणि काळोख्या. काही तर सरळ भुताच्या. नववीतल्या एका मुलीचे वडील शाळेत आले आणि म्हणाले, "सर, पोरगी रातचा दिवा मालवू देईना झालीया." तिथून विषय पेटला. एका बाजूचं म्हणणं असं, की ज्या गावानं विवेकवादाचं काम करणाऱ्या कॉम्रेड पानसरेंना गमावलं, त्या गावात मुलांच्या हाती भुताखेतांची पुस्तकं द्यायची म्हणजे त्यांच्या कामावर पाणी ओतायचं. दुसरी बाजू म्हणते, अहो, गोष्टीच आहेत, वाचायच्या आणि सोडून द्यायच्या. एवढं काय मनाला लावून घेता? शिवाय एक तिसरा आवाज आहे, साहित्याच्या जाणकारांचा. संग्रह कमीजास्त आहे, दोनतीन कथा बऱ्या, बाकी भरताड. असल्या पुस्तकासाठी भांडायचं तरी कशाला, असं ते विचारतात.

पुस्तक कपाटात परत गेलं पाहिजे, असं माझं मत आहे. पण "नुसती करमणूक आहे" म्हणून नव्हे. ते परत जावं आणि भांडण पुस्तकाच्या मुखपृष्ठावर न होता एकेका कथेवर व्हावं. कारण या संग्रहातल्या चांगल्या आणि वाईट कथांमधली रेघ "भूत आहे की नाही" या जागेवरून जातच नाही. अंधश्रद्धेचा धंदा भुतावर चालत नाही, उताऱ्यावर, म्हणजे भूत उतरवायच्या तोडग्यावर चालतो. भीती फुकट असते, ती माणूस जन्माला येताना बरोबर आणतो. पैसे पडतात ते भीतीवरच्या उपायाला. ज्या कथेत भूत आहे पण उतारा नाही, किंवा उतारा आहे पण तो फसतो, ती कथा वाचकाला त्याच्या भीतीसमोर एकटं उभं करते आणि विचार करायला भाग पाडते. ज्या कथेत उतारा लागू पडतो, ती मात्र लेखकाच्या मनात काहीही असो, भोंदूची फुकट जाहिरात करते. या वादात ही एक गोष्ट कुणीच विचारात घेतलेली नाही.

आक्षेप घेणाऱ्यांची बाजू हलकी समजू नये. जादूटोणाविरोधी कायद्यासाठी झटणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला. गोविंद पानसरे यांच्यावर १६ फेब्रुवारी २०१५ च्या सकाळी कोल्हापुरात गोळ्या झाडल्या गेल्या आणि २० फेब्रुवारीला ते गेले. ज्यांनी ही माणसं जवळून पाहिली, त्यांच्या व्याख्यानांच्या सतरंज्या उचलल्या, त्यांना "भूत" हा शब्द शाळेच्या कपाटात पाहून कळ येत असेल, तर ती खरी आहे. परिस्थितीही तशीच आहे. अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गावातल्या कुठल्याही तिकटीवर, तीन रस्ते मिळतात तिथं, जाऊन पाहा. पत्रावळीवर दहीभात, त्यावर हळदकुंकू, टाचण्या टोचलेलं लिंबू, शेजारी फुटका नारळ आणि काळ्या चिंधीची बाहुली. शाळेत निघालेली पोरं त्याला वळसा घालून जातात आणि त्यांच्या सायकली ढकलणाऱ्या आयाही वळसा घालतात. अंगात येणं, करणी, बाहेरची बाधा हे शब्द इथं अजून चालू नाण्यासारखे फिरतात. मग अशा मातीत भुताची कथा निष्पाप राहू शकेल का, हा प्रश्न रास्तच आहे. कथा पोकळीत वाचली जात नाही, ती या तिकटीवरून चालत आलेला मुलगा वाचतो.

पण त्या तिकटीकडेच जरा नीट पाहू. तिथं भूत नाही. तिथं आहे तो उतारा. कुणीतरी एका घाबरलेल्या बाईला सांगितलं, की तुझ्या पोराला लागीर झालंय, एवढं एवढं आण, एवढे पैसे ठेव, तिन्हीसांजेला ओवाळून तिकटीवर टाक आणि मागं वळून पाहू नकोस. त्या बाईचं पोर तापानं फणफणलेलं असतं, आणि दवाखान्याचे दोन दिवस या भानगडीत जातात. नुकसान होतं ते इथं. जादूटोणाविरोधी कायदा करणाऱ्यांना हे नेमकं कळलेलं होतं. दाभोलकरांच्या खुनानंतर काही दिवसांत वटहुकूम निघाला आणि डिसेंबर २०१३ मध्ये विधिमंडळानं कायदा संमत केला. त्याच्या अनुसूचीत पहिलंच कलम आहे ते भूत उतरवण्याच्या बहाण्यानं माणसाला दोरानं किंवा साखळीनं बांधणं, काठीनं, चाबकानं मारणं, पादत्राण भिजवलेलं पाणी पाजणं, मिरचीची धुरी देणं, छताला टांगणं याबद्दल. पुढं साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला औषधापासून रोखून मंत्र घालण्याचा गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. भुताची गोष्ट सांगणं हा त्यात गुन्हा नाही. उलट दिवंगत संतांचे चमत्कार सांगण्याला, त्याचं साहित्य छापण्याला कायद्यानं स्पष्टपणे मोकळीक ठेवली आहे, शरीराला इजा आणि पैशाची लूट होत नाही तोवर. म्हणजे ज्या कायद्यासाठी एका माणसानं आयुष्य वेचलं, त्या कायद्यानं उपायाच्या नावाखाली होणारी लूट आणि मारहाण पकडली, कल्पनेला हात लावला नाही. मग त्याच कायद्याची आण घेऊन कल्पनेला कुलूप लावणारे त्या माणसाच्या कामाला पुढं नेतात की मागं?

आणि ही रेघ काही आजची नाही. आपल्याकडं भुताच्या गोष्टींचा सगळ्यात मोठा साठा आहे तो अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवानं रचलेल्या कथासरित्सागरात. त्याचं मूळ गुणाढ्याच्या बृहत्कथेत, आणि गुणाढ्याची आख्यायिका आपल्या पैठणची, सातवाहनाच्या दरबारची. राजानं त्याचा ग्रंथ नाकारला, कारण तो पैशाची भाषेत, पिशाच्चांच्या भाषेत लिहिलेला होता. गुणाढ्य रानात गेला, पशुपक्ष्यांना एकेक पान वाचून दाखवलं आणि अग्नीत टाकत गेला. सात लाख श्लोकांतले सहा लाख जळले. आख्यायिकाच आहे, पण ती सांगणाऱ्यांना कळत होतं, की दरबार पुस्तक का नाकारतात. पुस्तक न वाचता, त्याची जात पाहून. आमच्या शाळेतही तक्रार आल्यापासून पुस्तक कुलपात जाईपर्यंतच्या काळात किती जणांनी ते वाचलं होतं?

त्याच सागरात वेताळाच्या पंचवीस कथा आहेत आणि मराठी घराघरांत त्या वेताळपंचविशी म्हणून पोचल्या. सांगाडा सगळ्यांना ठाऊक आहे. एका योग्याच्या सांगण्यावरून राजा मसणवटीत जातो, झाडाला लटकणारं प्रेत खांद्यावर घेतो, प्रेतातला वेताळ वाटेत गोष्ट सांगतो आणि शेवटी न्यायाचा एक प्रश्न टाकतो. उत्तर ठाऊक असून गप्प राहिलास तर डोकं फुटेल. उत्तर दिलंस तर मी परत झाडावर. इथं भूत काय करतंय ते पाहा. ते राजाला विचार करायला लावतंय, पुन्हा पुन्हा, रात्रभर. एका बाईचा खरा नवरा कोण, पोराचा खरा बाप कोण, कुणाचा त्याग मोठा, असले अवघड प्रश्न. आणि शेवटी राजाला उत्तर सापडत नाही, तो गप्प होतो, तेव्हा वेताळच त्याला सावध करतो: ज्या योग्यासाठी तू मला वाहून नेतोयस, तो सिद्धीसाठी तुझाच बळी देणार आहे. या कथेत घात करणारा मांत्रिक आहे आणि वाचवणारं भूत आहे. नरबळीचा शब्द ज्याच्या नावातच आहे असा कायदा आपण २०१३ मध्ये केला. त्याच्या जवळजवळ हजार वर्षं आधी एका भुताच्या गोष्टीनं धोका नेमका कुठं असतो हे सांगून ठेवलं होतं. वेताळपंचविशी शाळेच्या कपाटातून काढायची का मग?

पैठणचंच आणखी एक उदाहरण आहे. एकनाथांच्या एका भारुडात भूत लागलंय. देवऋषी होतो, लिंबू, नारळ, कोंबडा सगळा उतारा होतो, आणि ते भूत काही हलत नाही. हलणार कसं, ते सगळीकडं भरून राहिलेलं आहे. सोळाव्या शतकात, ज्या बायाबापड्या देवऋष्याकडं जात होत्या त्यांच्यासमोरच नाथांनी हा खेळ उभा केला. त्यांनी भूत हा शब्द टाळला नाही, त्यातली भीतीही टाळली नाही. फक्त उतारा निकामी करून दाखवला. प्रबोधनाचं याहून नेमकं तंत्र मला तरी माहीत नाही. आणि एकोणिसाव्या शतकात ज्या कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी सॉक्रेटिसाचं चरित्र मराठीत आणलं, त्यांनीच जिन आणि राक्षसांनी भरलेल्या अरबी गोष्टी मराठीत आणल्या. एकाच लेखणीला दोन्ही चाललं, आणि मराठी वाचकालाही चाललं.

आता प्रत्यक्ष संग्रहाकडं येतो, कारण नुसत्या तत्त्वावर बोलणं सोपं असतं. यातली सगळ्यात चांगली कथा गुऱ्हाळावरची आहे. पन्हाळा बाजूचं एखादं गुऱ्हाळ असावं. गावाचं नाव लेखकानं दिलेलं नाही, पण चुलवाणात चिपाडं सारणाऱ्या पोराचं काळं तोंड, भेंडीचा रस पडल्यावर काहिलीत वर येणारी मळी, पाक गोळीवर आला की गुळव्याचं गप्प होणं, हे सगळं पाहिलेल्या माणसानं लिहिलंय. घडतं एवढंच, की हंगाम सुरू होतो आणि प्रत्येक काहिलीत एक रवा, म्हणजे गुळाची ढेप, कमी भरतो. रसाचं माप बरोबर, साचे मोजलेले, तरी रवा कमी. मालक गुळव्यावर चोरीचा आळ घेतो, मग वजनकाट्यावर, मग रातपाळीच्या पोरांवर. रात्री राखण बसवतात. राखण करणाऱ्याच्या डोळ्यांदेखत रवे मोजले जातात आणि सकाळी एक कमी. शेवटी मालक देवरशाला बोलावतो. देवरशी सांगतो, मागच्या हंगामात काहिलीत पडून भाजून मेलेला गडी इथं अडकलाय. बकरं द्या, एवढी दक्षिणा द्या. मालक सगळं करतो. त्या खर्चाचा हिशोब लेखक ओळीनं देतो, बकऱ्याची किंमत, दक्षिणा, जेवणावळ, आणि मग एकाच वाक्यात सांगतो, की मेलेल्या गड्याच्या बायकोला द्यायची राहिलेली मजुरी याच्या निम्मीसुद्धा नव्हती. दुसऱ्या दिवशी काहिल उतरते. रवा कमीच भरतो.

कथा तिथंच संपते. भूत दिसत नाही, रवा कुठं जातो ते कळत नाही, मालकाला उपरतीही होत नाही. मला विचाराल तर गेल्या काही वर्षांत मराठीत थकलेल्या मजुरीवर याहून धारदार लिहिलेलं मी वाचलेलं नाही. आणि हे भुताशिवाय लिहिता आलं नसतं. साध्या वास्तववादी कथेत मालक वाईट ठरला असता, गडी बिचारा ठरला असता, वाचक हळहळून मोकळा झाला असता. इथं तो मोकळा होत नाही, कारण हिशोब पुरा होत नाही. भूत म्हणजे इथं बाकी राहिलेली रक्कम आहे. उतारा लागू पडत नाही, कारण जे द्यायचं ते बकरं नव्हतंच. ही कथा वाचलेला मुलगा तिकटीवरच्या लिंबाकडं पाहून घाबरेल, की हे लिंबू ज्याच्या नावानं टाकलंय त्याचं कुणी काय लागत होतं असा विचार करेल?

आपल्या लोकांच्या भुतांची यादीच मुळी अशा बाकी राहिलेल्यांची आहे. मुंज झाली पण लग्नाआधी मेला, तो मुंजा. ओली बाळंतीण गेली, ती हडळ. ज्याला वारस नाही, ज्याचे दिवस कुणी घातले नाहीत, तो समंध. ज्या विहिरीत सून पडली, तिकडं तिन्हीसांजेला जायचं नाही. ही यादी समाजानं स्वतःवरच्या आरोपपत्रासारखी पिढ्यान्‌पिढ्या तोंडी जपली आहे. आणि इथंच माझ्या बाजूला सगळ्यात अडचणीत टाकणारा आक्षेप येतो, जो आमच्या चर्चेत एका प्राध्यापक बाईंनी मांडला आणि ज्याला कुणी धड उत्तर दिलं नाही. त्या म्हणाल्या, भुतं बहुतेक बायकाच का? पांढरं पातळ, मोकळे केस, उलटे पाय, या चित्रानं कितीतरी खऱ्या बायकांना चेटकीण ठरवून मारहाण झाली, गावाबाहेर काढलं गेलं. तुमची गूढकथा त्या चित्राला पुन्हा रंग देत नाही का?

देते. या संग्रहातली घाटातली कथा तेच करते. पावसाळी रात्र, रिकामा रस्ता, हात करणारी बाई, गाडीच्या आरशात नसलेला चेहरा. ही कथा शंभर वेळा लिहिली गेली आहे आणि शंभरही वेळा त्या बाईला नाव नसतं. बाळंतपणात मेली की सासरच्यांनी जाळली, ती तिथं का उभी आहे, हे लेखकाला विचारावंसंही वाटत नाही. तिला फक्त घाबरवायचं काम दिलंय. पण म्हणून हडळ हा विषयच बाद होत नाही. प्रश्न असा विचारायला हवा, की कथा त्या बाईच्या बाजूनं उभी राहते की तिला घाबरणाऱ्या ड्रायव्हरच्या. गुऱ्हाळाच्या कथेत मेलेल्या गड्याच्या बायकोला नाव आहे, तिचा थकलेला हिशोब आहे. घाटातल्या बाईला दोन्ही नाही. प्राध्यापक बाईंचा आक्षेप भुतावर नाही, आळसावर आहे, आणि तो जिथं लागू पडतो तिथं पुरता लागू पडतो.

त्याहून वाईट एक कथा आहे आणि तिच्याबद्दल मला आडपडदा ठेवायचा नाही. नवी सून, अंगात येतं, घरचे हैराण. डॉक्टर होतात, औषधं होतात, फरक पडत नाही. मग एक बाबा येतो, रात्रभर तिला बांधून ठेवतो, धुरी देतो, आणि पहाटे सून बरी होऊन चूल पेटवते. लेखकानं हे वर्णन थरार म्हणून केलंय. कायद्याच्या अनुसूचीतलं पहिलं कलम उघडून शेजारी ठेवा, जवळजवळ शब्दाला शब्द जुळतो. या कथेवर आक्षेप घेणाऱ्यांच्या रांगेत मी पुढं उभा राहीन. पण लक्षात घ्या, या कथेत भूत मुळीच नाही. शेवटपर्यंत दिसत नाही, बोलत नाही. जे आहे ते उतारा आहे, आणि तो लागू पडतो. ज्यांनी "भूत आहे" या एका खुणेवर सगळं पुस्तक नाकारलं, त्यांच्या चाळणीतून ही कथा सहज खाली पडली असती आणि गुऱ्हाळाची कथा वर अडकली असती. चाळणीच चुकीची आहे, हे याहून स्पष्ट कसं दाखवायचं?

माझ्या या मापाला खरा ताण देणारं उदाहरण नारायण धारपांचं. धारपांनी (१९२५–२००८) मराठीत भयकथेला जो वाचक मिळवून दिला तो दुसऱ्या कुणाला मिळाला नाही, आणि त्यांच्या कथांमधले समर्थ हे अघोरी शक्तींशी झुंजणारे, संकटातून सोडवणारे पुरुष आहेत. म्हणजे उतारा लागू पडतो. मग धारपही बाद? नाही, आणि त्याचं कारण नुसती आपुलकी नाही. देवरशी विकतो तो उपाय दुसऱ्या दिवशी जाऊन विकत घेता येतो. त्याचा पत्ता असतो, दर असतो. पुस्तक मिटल्यावर समर्थ कुठल्याही गल्लीत भेटत नाहीत, हे बारा वर्षांच्या वाचकालाही ठाऊक असतं. बांधून धुरी देणारा बाबा मात्र पुस्तक मिटल्यावरही चार घरं सोडून बसलेला असतो. फरक तिथं आहे. तरीही एवढं कबूल करायला हवं, की तारणहार आला की गूढ उणावतं, आणि म्हणून मला त्यांच्या तारणहार नसलेल्या कथा अधिक काळ सोबत करतात.

"करमणूक आहे, सोडून द्या" म्हणणाऱ्यांशी माझं भांडण जास्त आहे, कारण ते आमच्याच बाजूनं बोलतात आणि बाजू बुडवतात. जे सोडून देता येतं ते वाचायचं कशाला? रंकाळ्याच्या काठावरच्या नंदीची गोष्ट कोल्हापुरातल्या प्रत्येक पोरानं ऐकलेली असते. नंदी रोज गव्हाभर पुढं सरकतो, तांदळाभर मागं येतो, आणि ज्या दिवशी तो रंकाळ्याला पोचेल त्या दिवशी प्रलय. ही करमणूक आहे का? लहानपणी ही गोष्ट ऐकलेला माणूस पन्नाशीतही नंदीच्या पुढ्यात उभा राहिला, की नकळत त्याच्यापासून पाण्यापर्यंतचं अंतर डोळ्यांनी मोजतो. काळ हळू चालतो, पण चालतो, आणि शेवट ठरलेला आहे, ही जाणीव त्या गोष्टीनं गावाच्या मनात पेरली आहे. आणि तिला उतारा नाही. नंदीला थांबवायला अमुक वाहा, असं कुणी सांगत नाही. म्हणून ती गोष्ट कुणाला लुबाडत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा गावात शिरली तेव्हा कितीतरी जुन्या माणसांच्या तोंडी नंदी होता. ती अंधश्रद्धा नव्हती. डोळ्यांसमोर जे चाललंय त्याचा आकार मनात मावण्यासाठी त्यांना एक गोष्ट लागत होती.

त्या पुरावरही संग्रहात एक कथा आहे आणि ती मला सगळ्यात जास्त हळहळायला लावते. पूर ओसरून गेलाय. नदीकडेच्या घरात भिंतीवर पाण्याची रेघ राहिली आहे. म्हातारी रोज सकाळी पाहते तर रेघ बोटभर वर. पाणी नाही, ओल नाही, पण रेघ वर. ती कुणाला सांगत नाही. खालच्या फळीवरचे डबे वरच्या फळीवर ठेवते, मग माळ्यावर, मग शेजारणीकडं. मुलाला वाटतं आईचं डोकं फिरलं. इतकं सुंदर चाललेलं असताना शेवटच्या पानावर लेखक घाबरतो आणि सगळं स्वप्न होतं म्हणून सांगून टाकतो. कथेनं उभी केलेली भीती त्यानंच पुसली. इथं देवरशी नाही, पण हाही एक उताराच आहे. वाचकाला घरी सुखरूप पोचवण्याची घाई. पूर पुन्हा येणार आहे, २०२१ मध्ये आलाच, आणि नदीकडेच्या माणसाला "स्वप्न होतं" असं सांगणारी कथा त्याच्याशी खोटं बोलते.

राहिला मुद्दा संग्रहाच्या कमीजास्तपणाचा. तो खरा आहे. पण तो का आहे, हे जाणकारांना ठाऊक असूनही ते बोलत नाहीत. १९०९ मध्ये का. र. मित्र यांच्या 'मनोरंजन'नं दिवाळी अंक काढला आणि तेव्हापासून मराठी कथा बरीचशी दिवाळी अंकाच्या मागणीवर जगत आली. त्या परंपरेनं आपल्याला पुष्कळ दिलं, अनंत अंतरकरांच्या 'नवल'नं गूढ आणि अद्भुत कथेला हक्काचं घर दिलं, हे विसरता येणार नाही. पण मागणीवर लिहिलेल्या कथेला मागणीचा आकार येतो. उन्हाळ्यात निरोप येतो, एवढ्या शब्दांची भयकथा द्या, शेवटी धक्का हवा. लेखक देतो. पाचसहा वर्षांत डझनभर जमल्या की प्रकाशक संग्रह काढतो आणि त्या एकमेकींशेजारी नीट बसतात का, कुठली गाळावी, कुठलीचा शेवट परत लिहावा, हे पाहणारा संपादक बहुतेक ठिकाणी नसतोच. घाटातली कथा आणि गुऱ्हाळाची कथा एकाच माणसाची वाटत नाहीत, याचं कारण त्यातली एक त्यानं मागणीनुसार पुरवली आहे आणि दुसरी त्याला लिहिल्याशिवाय राहवलं नाही म्हणून लिहिली आहे. याचा दोष सगळाच्या सगळा पहिल्या पुस्तकाच्या लेखकावर टाकणं अन्यायाचं आहे. आणि कमीजास्त संग्रह शाळेत नको, हा तर्क तर मला कळतच नाही. चांगली आणि वाईट कथा एकाच हातानं लिहिलेली एकाच पुठ्ठ्यात मिळणं, ही वाचायला शिकवणाऱ्या शिक्षकाला मिळालेली मोठी सोय आहे. निवडक उत्कृष्ट कथांच्या पुस्तकातून मुलं कौतुक करायला शिकतात, निवड करायला शिकत नाहीत.

वडिलांची तक्रार मात्र उरते आणि ती तत्त्वज्ञानानं मिटवता येत नाही. मूल रात्री झोपत नसेल तर बाप शाळेत येणारच. पुस्तक चौथीच्या वर्गाच्या पेटीत असू नये, नववी-दहावीच्या कपाटात असावं, ही वयाची मर्यादा मला मान्य आहे. पण या सगळ्या गदारोळात त्या मुलीला एकानंही विचारलं नाही, की बाई, तू वाचलीस ती कथा कुठली? बांधून धुरी दिलेल्या सुनेची वाचून ती जागी राहत असेल, तर ती भीती योग्य आहे आणि तिच्याशी बसून बोलायला हवं, कारण ते तिच्या शेजारच्या घरात उद्या घडू शकतं. रेघेची वाचून जागी राहत असेल, तर तिचं घर नदीपासून किती लांब आहे ते विचारायला हवं. भ्यायलेल्या मुलीच्या हातातून पुस्तक काढून घेतल्यानं भीती जात नाही, तिच्याबद्दल बोलायचं ठिकाण तेवढं जातं. आणि जी भीती बोलून दाखवता येत नाही तीच पुढं देवरशाच्या ओट्यावर जाऊन बसते.

शाळेनं आता एवढं करावं. खणाचं कुलूप काढावं. एका शनिवारी नववीच्या वर्गात गुऱ्हाळाची कथा मोठ्यानं वाचावी, आणि पुढच्या शनिवारी सुनेची कथा, शेजारी कायद्याची अनुसूची ठेवून. अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना त्या दोन्ही तासांना बोलवावं, विरोधक म्हणून नव्हे, वाचक म्हणून. प्रकाशकानं दुसऱ्या आवृत्तीआधी पैसे देऊन संपादक नेमावा, घाटातली आणि सुनेची या दोन कथा काढाव्यात. लेखकानं रेघेच्या कथेचं शेवटचं पान फाडावं. म्हातारीला माळ्यावर डबे ठेवू द्यावेत आणि तिथंच थांबावं.